सुई चुकून हलली नव्हती

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. एकदा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, एकदा सोसायटीच्या आणि एकदा घरच्या. त्याचा गोषवारा असा:

‘१८२० साली कोपनहेगनमध्ये ओर्स्टेड नावाचे प्राध्यापक वर्गात शिकवत होते. टेबलावर होकायंत्र चुकून राहिलं होतं. सरांनी तारेतून वीज सोडली आणि सुई हलली. सरांना स्वतःला काही कळलं नाही, पण विद्युतचुंबकत्वाचा शोध लागला! खरं तर इटलीच्या एका वकिलानं तो १८ वर्षं आधीच लावला होता, ओर्स्टेडनं तो आपल्या नावावर केला. पुढे ११ वर्षं सगळं तसंच पडून राहिलं. मग आला मायकेल फॅरेडे. शाळेचं तोंड न पाहिलेला, गणिताचा गंध नसलेला, पुस्तकांची बांधणी करणारा पोरगा. त्यानं डायनॅमो बनवला. मंत्र्यानं विचारलं, याचा उपयोग काय? तो म्हणाला, एक दिवस तुम्ही यावर कर लावाल. तात्पर्य: मार्क, डिग्री, गणित सब झूट. नशिबात असेल तर सुई हलतेच. मुलांना मोकळं सोडा.’

घरच्या ग्रुपवर तो माझ्या दहावीतल्या भाच्यानंही वाचला. ‘मामा, मग आम्ही उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम कशाला पाठ करतोय?’ हा त्याचा प्रश्न. मुलांना मोकळं सोडावं याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, जरूर सोडावं. पण त्यासाठी ज्या माणसांच्या नावावर हे सांगितलं जातंय, त्यांनी आयुष्यभर जे केलं त्याच्या बरोबर उलट त्यांच्या तोंडी घातलेलं मला सहन होत नाही. म्हणून एकेक दावा घेतो.

‘होकायंत्र टेबलावर चुकून राहिलं होतं.’

हान्स ख्रिश्चन ओर्स्टेडचा जन्म १७७७ चा, डेन्मार्कच्या लँगलँड बेटावरच्या रुडक्योबिंग गावातला. वडील औषधविक्रेते. १७९९ मध्ये त्यानं डॉक्टरेट मिळवली ती जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या निसर्गविषयक तत्त्वज्ञानावर. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या डोक्यात जे पक्कं बसलं ते तिथून. उष्णता, प्रकाश, वीज, चुंबकत्व ही एकाच मुळाची वेगवेगळी रूपं असावीत, असं त्याला वाटे. पुढे युरोपच्या प्रवासात जर्मनीत रिटर नावाचा तशाच विचारांचा संशोधक त्याला भेटला आणि ही समजूत आणखी घट्ट झाली. १८१२ मध्ये ओर्स्टेडनं बर्लिनहून एक जर्मन पुस्तक प्रसिद्ध केलं. विजेचा चुंबकावर काही परिणाम होतो का, हे करून पाहायला हवं, असं त्यानं त्यात लिहून ठेवलंय. वर्गातली सुई हलली त्याच्या आठ वर्षं आधी!

१८२० च्या वसंतातल्या त्या व्याख्यानाची हकिकत ओर्स्टेडनं पुढे स्वतः एका ज्ञानकोशातल्या लेखात सांगितली आहे. प्रयोग त्यानं आधीच योजला होता. व्याख्यानापूर्वी करून पाहायचा होता, पण काही अडचण आली आणि राहून गेला. मग नंतर कधीतरी करू, असं त्यानं ठरवलं. बोलता बोलता मात्र त्याला वाटू लागलं की हे जमणार, आणि त्यानं विद्यार्थ्यांसमोरच तो करून पाहिला. मांडणी अशी होती: व्याख्यानात नेहमी वापरायची छोटी बॅटरी, तिला जोडलेली अगदी बारीक प्लॅटिनमची तार आणि त्या तारेखाली काचेनं झाकलेलं होकायंत्र. काचेच्या झाकणाखालचं होकायंत्र प्लॅटिनमच्या तारेच्या बरोबर खाली कुणी विसरून जात नाही.

बारीक तार का? तर विजेला अडथळा झाला की तार तापते, उजळते, उष्णता आणि प्रकाश बाहेर पडतात. चुंबकी परिणामही तसाच बाहेर पडत असेल, असा त्याचा कयास होता. हा कयास चुकीचा होता. बारीक तारेतून प्रवाह कमी जातो, त्यामुळे सुई जेमतेम हलली. समोर बसलेल्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही, हेही त्यानंच नमूद केलंय.

मग ‘चुकून’ आलं कुठून? सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो नॉर्वेच्या हान्स्टीन यांच्या एका पत्राचा. हे पत्र त्यांनी फॅरेडेला लिहिलं १८५७ च्या अखेरीस, म्हणजे ३७ वर्षांनी. ओर्स्टेड तोवर हयात नव्हता. आणि १८२० साली हान्स्टीन कोपनहेगनला नव्हतेच, ते नॉर्वेत क्रिस्तियानियाला (आजच्या ऑस्लोला) प्राध्यापक होते. ३७ वर्षांपूर्वीच्या, स्वतः हजर नसलेल्या वर्गाबद्दलची आठवण आणि ज्यानं प्रयोग केला त्याचं स्वतःचं निवेदन, आधी छापलेल्या पुस्तकासकट, या दोहोंत मी कशावर विश्वास ठेवायचा हे मला अवघड वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘निरीक्षणाच्या क्षेत्रात योगायोग फक्त तयार मनालाच साथ देतो’ या अर्थाचं लुई पाश्चरचं वाक्य आपण शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं पाहतो. १८५४ मध्ये लिल शहरातल्या भाषणात पाश्चर हे बोलला तेव्हा त्यानं उदाहरण कुणाचं दिलं होतं? ओर्स्टेडच्या याच सुईचं.

आता माझा भाचा म्हणाला, ‘पण मामा, सुई आणि तार जवळ आली की हलणारच ना, कुणालाही दिसलं असतं.’ हा प्रश्न मला फार आवडला. कारण व्होल्टानं आपला विद्युतघट जाहीर केला १८०० मध्ये. त्यानंतर वीस वर्षं युरोपभर प्रत्येक चांगल्या प्रयोगशाळेत असे घट होते, तारा होत्या, आणि होकायंत्रं तर होतीच होती. वीज पडली की जहाजावरची होकायंत्रं बिघडतात, कधी उलटी दिशा दाखवू लागतात, हे खलाशांना कितीतरी आधीपासून माहीत होतं. तरी वीस वर्षं कुणाला दिसलं नाही.

आम्ही रविवारी जेवणाच्या टेबलावर बसलो. शालेय साहित्याच्या दुकानातलं साधं होकायंत्र, एक पेन्सिल सेल आणि इलेक्ट्रिशियन टाकून गेला होता त्यातला हातभर तांब्याच्या वायरचा तुकडा. आधी मोबाइल लांब ठेवावा लागला, कारण त्याच्या स्पीकरमधल्या चुंबकानंच सुई भलतीकडे तोंड करून बसली होती. सुई उत्तर-दक्षिण स्थिरावली. भाच्यानं तार सहज जशी हाताला आली तशी धरली, सुईला आडवी, पूर्व-पश्चिम. दोन्ही टोकं सेलला टेकवली. सुई ढिम्म! पुन्हा टेकवली. पुन्हा ढिम्म. त्याचा चेहरा पडला.

मग मी तार नव्वद अंशांत फिरवायला सांगितली, म्हणजे सुईच्या अंगावरून, तिच्याच दिशेनं. टोकं टेकली मात्र, सुई चाळीसेक अंश वळली आणि थरथरत राहिली. टोकं सोडली, परत उत्तरेला. सेल उलटा केला, सुई दुसऱ्या बाजूला. तार होकायंत्राखाली सरकवली, तर दिशा पुन्हा उलटली. (सेल असा थेट जोडला की क्षणात तापतो, तेव्हा दोन सेकंदांच्या वर धरू नका.) तार आडवी असतानाही प्रवाह जोरदार आणि योग्य दिशेचा असेल तर सुई गर्रकन उलटी होऊ शकते, पण सहसा ती जागची हलत नाही, किंबहुना अधिकच घट्ट उभी राहते.

हिशेबही सोपा आहे. लांब सरळ तारेतून २ अँपिअर प्रवाह जात असेल, तर १ सेंटीमीटर अंतरावर साधारण ४० मायक्रोटेस्लाचं चुंबकी क्षेत्र तयार होतं. आपल्याकडे पृथ्वीचं आडव्या दिशेतलं क्षेत्र जवळपास तेवढंच आहे. दोन सारख्या ताकदींची ओढाताण काटकोनात झाली की सुई पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाऊन थांबणार.

म्हणजे परिणाम दुबळा नव्हता. तो अनपेक्षित दिशेला होता. तोवर माहीत असलेलं प्रत्येक बल, गुरुत्वाकर्षण घ्या, विद्युतभारांमधलं घ्या, दोन वस्तूंना जोडणाऱ्या रेषेतच ओढायचं किंवा ढकलायचं. हे बल आडव्या दिशेनं वळवत होतं. त्यात विद्युतभारांमधल्या बलाचा नियम मांडणाऱ्या कूलाँसारख्या मोठ्या माणसानं वीज आणि चुंबकत्व यांचा एकमेकांशी संबंध नाही, असं मत दिलेलं. खुद्द फ्रेंच शास्त्रज्ञ आँद्रे-मारी अँपिअरनं १८०२ मध्ये जाहीर केलं होतं की ही दोन स्वतंत्र द्रव्यं आहेत आणि ती एकमेकांवर परिणाम करत नाहीत, हे मी सिद्ध करीन. पुढे १८२१ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानंच कबूल केलं की कूलाँच्या मताच्या पगड्यामुळे वीस वर्षं कुणी हे तपासायलाच गेलं नाही. ओर्स्टेड गेला, कारण संबंध आहे असं मानणाऱ्या मोजक्या लोकांपैकी तो होता.

‘ओर्स्टेडला स्वतःला काही कळलं नाही.’

व्याख्यानानंतर तीन महिने त्यानं काही केलं नाही, हे खरं आहे. परिणाम इतका पुसट होता की त्यावर काही जाहीर करणं त्याला धाडसाचं वाटलं. जुलैमध्ये त्यानं मोठी बॅटरी बांधली: तांब्याच्या २० आयताकृती पेट्या, प्रत्येक १२ इंच लांब, १२ इंच उंच आणि अडीच इंच रुंद, आत पातळ केलेलं आम्ल. प्रयोग बघायला त्यानं जाणकार माणसं बोलावली आणि त्यांची नावं निबंधात दिली.

मग त्यानं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तार आणि सुई यांच्यामध्ये काच धरली, धातू धरले, लाकूड, पाणी, राळ, दगड धरले. परिणाम थांबत नाही. सुईच्या जागी पितळेची, काचेची, लाखेची सुई ठेवली. त्या हलत नाहीत. तार वर, तार खाली, तार बाजूला. प्लॅटिनमऐवजी इतर धातूंच्या तारा. जाड तार अधिक चांगली, तार उजळण्याची गरजच नाही, हेही त्याला इथेच कळलं, म्हणजे स्वतःचा आधीचा कयास त्यानं स्वतःच मोडला. आणि या सगळ्यावरून निष्कर्ष काढला की विजेचा हा परिणाम तारेपुरता कोंडलेला नाही, तो तारेभोवतीच्या जागेत पसरतो आणि तारेभोवती वर्तुळाकार फिरतो. भाचा जो अंगठ्याचा नियम पाठ करतोय, त्यात बोटं तारेभोवती वळतात ती याच वर्तुळासाठी. हे सगळं चार पानी लॅटिन निबंधात, २१ जुलै १८२० अशी तारीख घालून त्यानं छापलं आणि युरोपभरच्या विद्वानांना आणि संस्थांना टपालानं पाठवलं.

त्याला गणिती नियम देता आला नाही. तारेत जे घडतं त्याला तो ‘विजेचा संघर्ष’ म्हणायचा, ती कल्पना टिकली नाही. एवढं मान्य. पण ‘काही कळलं नाही’ हे विधान ते चार पानी टिपण न वाचता केलेलं आहे.

‘इटलीच्या वकिलानं १८ वर्षं आधी शोध लावला होता.’

जान दोमेनिको रोमान्योझी हा कायदेपंडित खरा आणि त्याचा प्रयोगही खरा. ३ ऑगस्ट १८०२ रोजी ट्रेंटोच्या वर्तमानपत्रात त्याचा वृत्तान्त आला होता. पण तो नीट वाचला तर त्यानं घटाला जोडलेली चांदीची साखळी सुईला टेकवली आणि सुई बाजूला सरकली, असं आहे. घटाच्या दोन्ही टोकांना जोडणारा परिपथ पूर्ण झालेला नाही, म्हणजे प्रवाह वाहतच नाही. सुईवर विद्युतभार बसून ती सरकली असावी, जसा केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे हलवतो. रोमान्योझीच्या जिज्ञासेला माझा नमस्कार आहे, पण त्यानं पाहिलं ते वेगळं आणि ओर्स्टेडनं पाहिलं ते वेगळं. चोरीचा आरोप तर निव्वळ हवेतला.

‘पुढे ११ वर्षं सगळं तसंच पडून राहिलं.’

या एका वाक्यात किती माणसं पुसली जातात! ओर्स्टेडचं टिपण जुलैच्या शेवटी निघालं. ४ सप्टेंबरला फ्रेंच शास्त्रज्ञ आरागोनं पॅरिसच्या विज्ञान अकादमीला त्याची बातमी सांगितली आणि ११ तारखेला प्रयोग करून दाखवला. सभेत अँपिअर बसलेला होता, वय ४५. ज्यानं अठरा वर्षांपूर्वी याच्या उलट मत दिलं होतं, त्यानं आठवड्याभरात, १८ सप्टेंबरला, आपला पहिला निबंध वाचला. २५ तारखेला त्यानं दाखवलं की चुंबक नसला तरी दोन समांतर तारांमध्ये एकाच दिशेनं प्रवाह असेल तर त्या एकमेकींना ओढतात, उलट दिशेनं असेल तर ढकलतात. ३० ऑक्टोबरला बियो आणि साव्हार यांनी तारेपासूनच्या अंतराबरोबर परिणाम कसा कमी होतो याची मोजमापं मांडली. तिकडे जर्मनीत हाल इथे श्वायगरनं सप्टेंबरमध्येच सुईभोवती तारेचे अनेक वेढे घेऊन परिणाम वाढवायची युक्ती काढली. आपल्या प्रयोगशाळेतला गॅल्व्हानोमीटर, म्हणजे अगदी थोडा प्रवाहही दाखवणारं यंत्र, तिथून सुरू होतो. १८२५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये स्टर्जननं लोखंडाच्या नालावर तार गुंडाळून विद्युतचुंबक बनवला. अमेरिकेत ऑल्बनीला जोसेफ हेन्रीनं तारेवर आवरण देऊन वेढ्यांवर वेढे चढवले आणि १८३१ पर्यंत हजार-हजार किलोच्या आसपास वजन पेलणारे विद्युतचुंबक केले.

आणि फॅरेडेही ११ वर्षं थांबलेला नव्हता, त्याबद्दल खाली येतोच.

त्या हलणाऱ्या सुईचं गांभीर्य आपल्याला हाताच्या अंतरावर बघायचं असेल तर अलिबागला जावं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची तिथली नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा प्रवाह तारांतून आणि रुळांतून वाहणार, त्याभोवती चुंबकी क्षेत्र तयार होणार आणि वेधशाळेतल्या नाजूक सुया पृथ्वीऐवजी ट्रामचं वेळापत्रक नोंदवू लागणार! म्हणून नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी वेधशाळा बांधली. लोखंड टाळून, पोरबंदरचा दगड आणून. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं, दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग इथल्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या आणि मग कुलाब्याची मोजणी थांबवली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. आमच्या टेबलावर वायरच्या तुकड्यानं केलं तेच, फक्त शहराच्या मापानं.

‘फॅरेडेनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.’

पाहिलं होतं. लिहिणं, वाचणं, अंकगणित यांची जुजबी ओळख साध्या शाळेत झाली, असं त्यानं स्वतः सांगितलंय. लोहाराचा मुलगा, १७९१ चा जन्म, चौदाव्या वर्षी लंडनमधल्या रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीच्या उमेदवारीला लागला. गरिबी खरी होती आणि तिच्यातून वर आलेल्या या माणसाबद्दल मला अपार प्रेम आहे. पण मेसेज म्हणतो तसा तो ‘न शिकता’ वर आला नाही. उलट, शिकायला मिळावं म्हणून त्यानं जे केलं ते वाचून मला आपल्याच शिकवण्याची लाज वाटते. बांधायला आलेल्या ज्ञानकोशातला विजेवरचा लेख त्यानं वाचून काढला. टेटम नावाच्या गृहस्थांच्या विज्ञानावरच्या व्याख्यानांना तो जायचा. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडायचा, तो थोरला भाऊ द्यायचा. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकानं रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली, तर यानं प्रत्येक व्याख्यानाची टिपणं आकृत्यांसह नीट उतरवून, स्वतः बांधून, डेव्हीला पाठवली. १ मार्च १८१३ ला डेव्हीच्या संस्थेत, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली. तिथून १८३१ पर्यंत मोजा, १८ वर्षं. त्या काळातल्या उत्तमोत्तम रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली, मग स्वतंत्रपणे, प्रयोगशाळेत. याला शिक्षण नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

१८२१ च्या उन्हाळ्यात एका नियतकालिकाच्या संपादकानं, रिचर्ड फिलिप्सनं, त्याला विद्युतचुंबकत्वाचा आजवरचा आढावा लिहायला सांगितला. फॅरेडेनं काय करावं? जे जे छापून आलं होतं ते वाचून काढलं आणि त्यातले प्रयोग एकेक करून स्वतः पुन्हा करून पाहिले. ओर्स्टेडचे, अँपिअरचे, सगळ्यांचे. त्यातूनच सप्टेंबर १८२१ मध्ये पाऱ्याच्या वाटीत चुंबकाभोवती अखंड फिरणारी तार तयार झाली. आपल्या पंख्याच्या मोटरची ती पणजी.

पुढची दहा वर्षं त्याला उलटा प्रश्न छळत होता: विजेतून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकत्वातून वीज का मिळू नये? १८२५ च्या त्याच्या नोंदीत, करून पाहिलं, परिणाम दिसला नाही, असं आहे. त्याच वर्षी जिनिव्हाला कोलाडॉननंही तसाच प्रयत्न केला. मोठ्या चुंबकाचा मोजयंत्रावर थेट परिणाम होऊ नये म्हणून त्यानं यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवलं. चुंबक कुंतलात, म्हणजे तारेच्या वेढ्यांच्या गुंडाळीत, सरकवला आणि काटा बघायला चालत दुसऱ्या खोलीत गेला. तोवर काटा हलून पुन्हा शून्यावर आलेला! माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वात चटका लावणारा प्रसंग आहे. परिणाम घडला आणि बघायला कुणी नव्हतं. नशिबानंच सुई हलत असती तर ती कोलाडॉनचीही हलली होतीच की.

२९ ऑगस्ट १८३१. फॅरेडेकडे मऊ लोखंडाचं कडं होतं, बाहेरून ६ इंच व्यासाचं, पाऊण इंचाहून थोडं जाड. एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे, दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे वेढे, मधून सुतळी आणि कापडाचे थर. एका बाजूला बॅटरी. दुसऱ्या बाजूची तार लांब नेऊन कड्यापासून ३ फुटांवर एका चुंबकसूचीवरून नेलेली. म्हणजे वीज आली का हे ओळखायला त्यानं वापरला तो ओर्स्टेडचाच प्रयोग. बॅटरी जोडली, त्या क्षणी सुई हलली, डोलली आणि पूर्वीच्या जागी येऊन थांबली. बॅटरी तोडली, पुन्हा हलली. मधल्या वेळात, प्रवाह अखंड चालू असताना, काहीच नाही. दहा वर्षं सगळे जण स्थिर परिणाम शोधत होते आणि परिणाम फक्त बदलाच्या क्षणी होता. १७ ऑक्टोबरला त्यानं नुसता चुंबक कुंतलात खुपसून तेच दाखवलं, २८ ला चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून अखंड प्रवाह काढला, आणि २४ नोव्हेंबरला रॉयल सोसायटीत निबंध वाचला गेला.

करवाली गोष्ट पटकन संपवतो. मंत्री म्हणून कधी ग्लॅडस्टन येतो, कधी पील. फॅरेडे १८६७ मध्ये गेला, त्याच्या हयातीतल्या कुठल्याही पत्रात वा कागदात ही गोष्ट नाही. ती छापली गेली कितीतरी वर्षांनी. छान आहे, पण आधार नाही.

राहिलं गणित. फॅरेडेला बीजगणिताची, कलनाची (कॅल्क्युलसची) भाषा येत नव्हती, हे खरंय, आणि त्याला त्याची खंत होती. अँपिअरचे निबंध त्याला झेपत नसत. त्यानं स्वतःसाठी दुसरी वाट काढली: कागदावर लोखंडाचा कीस पसरून दिसणाऱ्या बलरेषा. पण ‘म्हणून गणित नकोच’ असं तो चुकूनही म्हणाला नाही. १८५७ मध्ये पंचविशीतल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं बलरेषांवरचा आपला गणिती निबंध त्याला पाठवला. फॅरेडे तेव्हा ६५ वर्षांचा. त्यानं उत्तरात लिहिलं की या विषयावर एवढी गणिती शक्ती लावलेली पाहून आधी मी जवळजवळ घाबरलोच, आणि मग विषयानं ती इतकी छान पेलली याचं नवल वाटलं. त्याच वर्षी दुसऱ्या पत्रात त्यानं विचारलं, की गणिती आपले निष्कर्ष आमच्यासारख्यांना समजतील अशा साध्या भाषेतही मांडू शकणार नाहीत का, म्हणजे आम्हालाही त्यावर प्रयोग करता येतील. ज्याला गणित झूट वाटतं तो असं पत्र लिहीत नाही.

मॅक्सवेलकडून याची दुसरी बाजू कळते. फॅरेडेची विचार करण्याची पद्धतही गणितीच आहे, फक्त ती नेहमीच्या चिन्हांत मांडलेली नाही, असं त्यानं १८७३ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिलंय. आणि त्या चिन्हांत मांडल्यावर काय हाती आलं? १८६० च्या दशकात त्याच्या समीकरणांतून निघालेला विद्युतचुंबकीय लहरींचा वेग प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी इतका जुळला, की प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर आहे हे त्यानं ठामपणे मांडलं. लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या हर्ट्झनं, जर्मनीत कार्ल्सरूहला, १८८७-८८ मध्ये. केवळ कीस पसरून तिथवर पोचता आलं नसतं, आणि कीस पसरणारा फॅरेडे नसता तर समीकरणंही सुचली नसती.

भाच्यानं हा सगळा मजकूर वाचला आणि म्हणाला, चुंबक सरकवायचा तो प्रयोगही करू. पुढच्या रविवारी मी शाळेतून गॅल्व्हानोमीटर आणला. कुंतल त्यानंच गुंडाळला, २०० वेढे, पुठ्ठ्याच्या नळीवर, मोजताना दोनदा चुकून. चुंबक त्यानं आत ठेवला आणि नळी हातात धरून काट्याकडे बघत बसला. काटा शून्यावर. मी काही बोललो नाही. मिनिटभरानं कंटाळून त्यानं चुंबक बाहेर ओढला.

‘मामा, हलला! आत्ता हलला!’

मग त्यानं वही मागितली.